आडवे गेलेले मांजर

पिंपळे गुरवच्या आमच्या गल्लीत मांजर रस्ता ओलांडते आणि दुचाकीस्वार थांबतो. मागून येणारा दुसरा कोणी पुढे निघून जाईपर्यंत तो पायाने गाडी तोलून उभा असतो. अपशकुन दुसऱ्याच्या पदरात पडला की मग हा निघणार. परंतु त्या मांजराला तो दगड मारणार नाही. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, हे त्याने घरात कोणाकडून तरी ऐकलेले असते. एकच प्राणी अशुभही आणि अवध्यही!

या विसंगतीच्या शेजारी प्राचीन इजिप्त ठेवून पाहण्यासारखे आहे. तिथे मांजर धान्याच्या कोठारातून देवळात गेले. नाईलच्या पुरावर पिकलेले धान्य उंदरांपासून आणि घर सापांपासून राखणारा हा प्राणी पुढे बास्तेत देवीचे रूप झाला. बुबास्तिस हे तिचे क्षेत्र. घरातले मांजर मेले की घरची माणसे भुवया काढून टाकत, असे हिरोडोटस लिहितो. डायोडोरस तर डोळ्यांनी पाहिलेली हकिगत सांगतो : इ. स. पूर्व ६० च्या सुमारास एका रोमनाच्या हातून चुकून मांजर मेले आणि जमावाने त्याला ठार केले. राजाने पाठवलेले अधिकारीही त्याला वाचवू शकले नाहीत.

मात्र याच देशात नवसाला वाहण्यासाठी मांजरांच्या ममी मोठ्या संख्येने होत, आणि क्ष-किरणांनी तपासलेल्या अनेक ममींत कोवळ्या पिल्लांच्या माना मुरगळलेल्या दिसतात. पावित्र्य हे संरक्षण असतेच असे नाही. कित्येकदा तो व्यापार असतो.

आपल्याकडे मांजर देवळात पोचलेच नाही म्हटले तरी चालेल. बंगालमधल्या षष्ठीचे ते वाहन आहे. तिचीच बहीण म्हणावी अशी आपली सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री बाळाचे भविष्य लिहायला येते, पण मी पाहिलेल्या पूजांत पाटा-वरवंटा, कोरा कागद, लेखणी असते आणि मांजर मात्र बाळंतिणीच्या खोलीबाहेर हाकललेले असते. वाङ्मयातही त्याची पत बेताचीच. उद्योगपर्वात ते ढोंगी तपस्वी आहे, आणि मनुस्मृतीत दांभिकाला ‘बैडालव्रतिक’ म्हटले आहे. म्हणींत ते डोळे मिटून दूध पिते. अपवाद दक्षिणेतल्या वैष्णवांच्या मार्जारकिशोरन्यायाचा : पिल्लाने काहीच करायचे नाही, आईने मानेला धरून न्यायचे, तशी ईश्वराची कृपा. एवढी मायेची प्रतिमा मराठी संतपरंपरेत रुजली असती तर मला आवडले असते.

मग अवध्यता आली कुठून? मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजराच्या हत्येला प्रायश्चित्त आहे. त्या यादीत मुंगूस, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड, कावळाही आहेत, आणि प्रायश्चित्त कोणते, तर शूद्राच्या हत्येला असते तेच. हा श्लोक प्राणिदयेचा पुरावा म्हणून कोणी सांगू लागला तर त्याला तिथेच थांबवावे. इथे मांजराची किंमत वाढलेली नाही. माणसाची उतरलेली आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ का जाळला गेला, ते समजायला ही एक ओळही पुरेशी आहे. डायोडोरसचा तो रोमन आणि मनूचा शूद्र यांच्यात अंतर पुष्कळ आहे, पण मांजराच्या तागडीत माणूस तोलला गेला तो दोन्हीकडे.

तिसरा प्रसंग महाराष्ट्रातलाच आहे, आणि त्यात देव नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढल्या वर्षी पुण्यात घरझडत्या झाल्या, रँडचा खून झाला. हे आपण शाळेपासून वाचत आलो. रोग उंदरांवरच्या पिसवांतून येतो, हे सिमोंने १८९८ मध्ये कराचीत मांडले, तरी ते मान्य व्हायला वर्षे गेली. अमरावतीकडे काम करणाऱ्या अँड्र्यू ब्युकॅनन या सरकारी डॉक्टरने १९०८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले, की ज्या वस्त्यांत मांजरे भरपूर आहेत तिथे प्लेगचा जोर कमी दिसतो, तेव्हा गावोगाव मांजरे पाळावीत. आज आपल्याला ठाऊक आहे की मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो, म्हणून हा उपाय वाटतो तितका निर्धोक नव्हता. पण बिनपगारी राखणदार म्हणून कोणीतरी मांजराकडे पाहिले, ते असे, शकुनाच्या आणि पापाच्या बाहेर.

त्या राखणदाराची एकही म्हण माझ्या ऐकण्यात नाही. शिंके तुटले की बोक्याचे फावते, ही मात्र आमच्या घरात आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी म्हणतेच.