दोन ढिगांची गोष्ट

मुलुंडच्या कचराभूमीवर 2018 पर्यंत मुंबईचा कचरा पडत असे. त्यातली भाजीची देठे, फळांच्या साली ढिगाखाली दबून सडत. दुर्गंधी आणि धूर आसपासच्या वस्त्यांनी वर्षानुवर्षे सोसला. मग याच देठांचे घरच्या मेथी-टोमॅटोसाठी उत्तम खत कसे होते?

उत्तरासाठी आपण होळकरांच्या इंदुरात जाऊ. तेथील कृषी संशोधन संस्थेत 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, राख, माती यांचे थर रचले, पाणी शिंपडले आणि ढीग अधूनमधून उलटला. सुमारे 3 महिन्यांत खत तयार होई. 1931 साली दोघांचे पुस्तक निघाले. ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. सहलेखक वाडांचे नाव मात्र मागे पडले.

ढीग उलटण्याचे कारण हवा. ती मिळाली की सूक्ष्मजीव झपाट्याने काम करतात, ढीग तापतो. हवा कोंडली की दुर्गंधी आणि मिथेन.

म्हणून आपण गॅलरीतल्या भोके पाडलेल्या पिंपात ओल्या कचऱ्यावर सुकी पाने घालू आणि आठवड्याला ढवळू. पिंप लहान असल्याने ते इंदूरच्या ढिगाइतके तापणार नाही, खताला वेळ लागेल. पण वास आला तर काय चुकले, ते आपल्याला कळेल.