बिग मडीचा पाणवठा

विल्यम वायलर यांचा ‘द बिग कंट्री’ हा १९५८ सालचा वेस्टर्न मी पहिल्यांदा पाहिला, तो दोन हट्टी म्हाताऱ्यांच्या वैराची गोष्ट म्हणून. पुढे अमेरिकेच्या पश्चिम भागातील जमीन आणि पाणी यांच्या कायद्यांविषयी जमेल तसे वाचत गेलो आणि पुन्हा या चित्रपटाकडे वळलो. तेव्हा म्हातारे मागे सरकले आणि पाणवठा पुढे आला.

कथा थोडक्यात अशी. मेजर टेरिल हा मोठा रँचमालक. त्याचा वाडा, नोकरचाकर, मेजवान्या, सारे थाटाचे. ब्लँको कॅनियनच्या खडकाळ दरीत राहणारा रूफस हॅनसी हाही गुरेवालाच, पण रांगडा आणि गरीब. दोघांचे हाडवैर. दोघांच्याही गुरांना ‘बिग मडी’चेच पाणी लागते आणि बिग मडीची मालकी आहे ज्युली मॅरागॉन या तरुण शिक्षिकेकडे. आजोबांकडून आलेला हा वारसा ती निगुतीने सांभाळते. दोन्ही घरची गुरे तिथे पाणी पितात. जमीन विकत घ्यायला दोघेही टपलेले आहेत आणि ती दोघांनाही नकार देते. टेरिलच्या मुलीशी लग्न ठरलेला जेम्स मॅके हा जहाजाचा कप्तान पूर्वेकडून येतो. ही भूमिका ग्रेगरी पेक यांची. पाणी कोणालाही अडवणार नाही, असा शब्द देऊन मॅके ज्युलीकडून बिग मडी खरेदी करतो. पण तोवर टेरिलच्या माणसांनी हॅनसीची गुरे पाण्यावरून हुसकायला सुरुवात केलेली असते. शेवटी दोन्ही म्हातारे दरीत समोरासमोर येतात आणि एकमेकांच्या गोळ्यांनी मरतात.

शीतयुद्धाच्या काळातील या चित्रपटात अनेकांनी दोन महासत्तांचे रूपक पाहिले. ते चुकीचे नाही. पण रूपकाच्या नादात एक साधा प्रश्न सुटतो: एका पाणवठ्यासाठी माणसे इतकी का पेटतात?

उत्तर अमेरिकेच्या जमीन कायद्यात आहे. १८६२च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळू लागली. पाच वर्षे राहून ती कसायची, की मालकी त्याची. पावसाच्या प्रदेशात एवढ्या जमिनीवर कुटुंब जगत असे. कोरड्या पश्चिमेत मात्र १६० एकर गवतावर मोजकीच गुरे तगत. तिथल्या गुरेवाल्यांनी यातून वाट काढली. जमीन नोंदवायची ती झऱ्याकाठची किंवा ओढ्याकाठची. पाण्यापासून गुरे चालत जाऊ शकतील तिथवरचे गवतच त्यांच्या उपयोगाचे. त्यामुळे पाणवठा ज्याचा, त्याच्या हातात भोवतालचे हजारो एकर सरकारी कुरण आपोआप येई. त्या कुरणाचा सातबारा त्याच्या नावावर नसे, पण दुसरा कोणी तिथे गुरे घालू शकत नसे. हे कळले की टेरिलची धडपड कळते. बिग मडी हाती आले तर हॅनसीवर गोळी झाडायचीही गरज नाही. त्याची गुरे तहानेनेच मरतील.

अशी भांडणे केवळ पटकथाकारांच्या कल्पनेत नव्हती. १८७४ साली जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि मोकळी कुरणे स्वस्तात बंदिस्त करता येऊ लागली. टेक्ससमध्ये काही मोठ्या मालकांनी स्वतःच्या जमिनीबरोबर सरकारी जमीन, वहिवाटीचे रस्ते आणि पाणवठेही तारेच्या आत घेतले. १८८३ साली दुष्काळ पडला. पाण्यावाचून अडलेल्या लोकांनी रात्री टोळ्यांनी जाऊन मैलोन् मैल तारा तोडल्या. माणसे मेली. १८८४च्या आरंभी राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशनात तार तोडणे हा गंभीर गुन्हा ठरवला. त्याचबरोबर दुसऱ्याची किंवा सरकारी जमीन बेकायदा घेरणे हाही गुन्हा ठरला, आणि सार्वजनिक रस्ता अडवणाऱ्या कुंपणाला दर तीन मैलांवर फाटक ठेवण्याची सक्ती झाली. रस्त्याला फाटक मिळाले. गुरांना पाणी कसे मिळणार, हा प्रश्न तसाच राहिला.

हा प्रश्न आधीच ओळखणारा एक माणूस होता. जॉन वेस्ली पॉवेल. यादवी युद्धात शायलोच्या लढाईत त्यांचा उजवा हात गेला. तरी १८६९ साली त्यांनी होड्यांतून कोलोरॅडो नदीचा प्रवास करून ग्रँड कॅनियन पार केले. १८७८ साली त्यांनी कोरड्या प्रदेशातील जमिनींविषयी सरकारला अहवाल दिला. म्हणणे असे, की इथे १६० एकरांचे चौकोन पाडणे निरर्थक आहे. गुरेपालनासाठी कुटुंबाला २,५६० एकर द्यावेत, पण जमिनीची आखणी अशी करावी की प्रत्येकाच्या वाट्याला थोडा तरी पाणकाठ येईल. जमीन आणि पाण्याचा हक्क एकमेकांपासून तोडू नये. निदान नऊ वसाहतकऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या कुरणवस्तीचे नियम स्वतः ठरवावेत. त्यांनी कायद्याचे मसुदेही जोडले होते. काँग्रेसने ते मंजूर केले नाहीत. १८९३ साली लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत पॉवेल यांनी सांगितले, की या सगळ्या जमिनीला पुरेल इतके पाणीच इथे नाही आणि तुम्ही पुढच्यांसाठी तंटे आणि खटले साठवून ठेवत आहात. श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली.

पॉवेल वाचल्यावर ‘द बिग कंट्री’चा शेवट मला पूर्वीसारखा समाधान देत नाही. चित्रपटात पाणी सर्वांना मिळते ते कशाच्या जोरावर? आधी आजोबांच्या, मग नातीच्या आणि शेवटी मॅकेच्या चांगुलपणावर. खरेदीचा कागद होतो. हॅनसीच्या गुरांचा पाण्यावरचा हक्क मात्र मालकाच्या शब्दावरच टिकून असतो. मॅके सज्जन आहे. त्याचा मुलगा कसा निघेल? टेरिल आणि हॅनसी मेल्याने वैर संपले असेल, पण त्यांची गुरे उद्याही तहानलेलीच असणार.

तरीही या चित्रपटात एक गोष्ट आहे, जी बहुतेक वेस्टर्नमध्ये सापडत नाही. इथे बंदुकीने कोणालाच पाणी मिळत नाही. आणि रूफस हॅनसीला, भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या बर्ल आइव्ह्ज यांनी, असा आब दिला आहे की टेरिलच्या मेजवानीत घुसून तो बोलतो तेव्हा सभ्य कोण आणि रानटी कोण, याचा आपल्या मनातला हिशेबच उलटतो. पाण्यावाचून अडलेल्याची बाजू एवढ्या ताकदीने मांडणारा वेस्टर्न मला दुसरा ठाऊक नाही.

सरकारी कुरणांना नियम लागले ते १९३४च्या टेलर ग्रेझिंग कायद्याने. चराईचे जिल्हे झाले, परवाने आले. परवाना देताना ज्याच्याकडे आधीच जमीन किंवा पाणी आहे, त्याला प्राधान्य मिळाले. म्हणजे पहिली रांग पुन्हा पाणवठेवाल्यांचीच. पॉवेल जाऊन तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती.