पेशीतील रहाटगाडगे

रात्री दुधाला विरजण लावले की सकाळी दही तयार होते. उसाचा रस काढून तसाच ठेवला, तर फसफसू लागतो. आणि चढावर गाडी ओढणाऱ्या बैलाच्या स्नायूंत दह्यातलेच आम्ल तयार होते. या तीन गोष्टींचे गोत्र एकच आहे, हे कळायला शास्त्रज्ञांना पाऊणशे-ऐंशी वर्षे लागली.

1857 साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी दाखवले की, दूध आंबते ते सूक्ष्म जीवांमुळे. जीव नाही तर आंबणे नाही, असे त्यांचे म्हणणे. जर्मनीतले लीबिग म्हणत, छे, हा निव्वळ रसायनाचा खेळ! दोघेही मोठे, दोघेही हट्टी. त्यांच्या हयातीत काही हा वाद मिटला नाही.

तो मिटवला एडुआर्ट बुखनर यांनी, 1897 साली, आणि तोही जवळजवळ योगायोगाने. पाव फुगवणारे यीस्ट त्यांनी वाळूबरोबर खलात घोटले, फडक्यात बांधले आणि यंत्राने दाबून त्याचा रस काढला. हा रस त्यांना औषधी कामासाठी हवा होता. तो नासू नये म्हणून काय केले असेल? आपल्याकडे मुरंबा टिकावा म्हणून जे करतात तेच. भरपूर साखर घातली. पाहतात तो रसातून बुडबुडे येऊ लागले! त्यात जिवंत पेशी एकही नव्हती, तरी साखरेचे मद्य होत होते. म्हणजे काम करणारा पदार्थ पेशीतून बाहेर काढता येतो. अशा पदार्थांना आपण विकर किंवा एन्झाइम म्हणतो. बुखनर यांना 1907 साली नोबेल पारितोषिक मिळाले. दहा वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, रुमानियाच्या आघाडीवर जखमी होऊन ते वारले.

पुढचा धागा लंडनमध्ये सापडला. आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांच्या लक्षात आले की, हा रस थोड्या वेळाने मंदावतो. पण त्यात फॉस्फेट घातले की पुन्हा जोमाने बुडबुडे येतात. खताच्या संदर्भात आपण ज्याला स्फुरद म्हणतो, त्याचेच हे संयुग. ते साखरेला जाऊन चिकटत होते. का चिकटत होते? याच्या उत्तरात आपल्या देशातल्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातल्या भीमावरमचे. अमेरिकेत हार्वर्ड येथे त्यांनी सायरस फिस्क यांच्याबरोबर 1925 साली स्फुरद मोजण्याची एक सोपी रीत शोधली. तिच्याच बळावर 1929 साली या दोघांना स्नायूंत एटीपी हा पदार्थ सापडला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही तो स्वतंत्रपणे सापडला. हा एटीपी म्हणजे पेशीच्या बाजारातले चलनी नाणे. अन्नातली शक्ती या नाण्यात मोडून घ्यायची आणि मग हवी तिथे खर्चायची. सुब्बाराव यांचे नाव आपल्या शाळांतून फारसे ऐकू येत नाही, याचे वाईट वाटते.

आता कोणी विचारील, डोळ्यांना न दिसणारी ही वाट शोधली तरी कशी? शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. पाटात मध्येच बांध घातला की वरच्या बाजूला पाणी तुंबते. संशोधकांनी रसात एखादे विष घालून एकच पायरी अडवली. मग जो पदार्थ साचला, तो त्या पायरीच्या अलीकडचा. असे एकेक बांध घालत, 1940 च्या सुमारास, ग्लुकोजपासून पायरुव्हिक आम्लापर्यंतच्या दहा पायऱ्या जुळल्या. यीस्टमध्ये आणि स्नायूत पायऱ्या त्याच! फरक फक्त शेवटी पडतो: इकडे मद्य, तिकडे दह्याचे आम्ल. ही वाट जुळवणाऱ्यांपैकी ओटो मायरहोफ हे ज्यू असल्यामुळे 1938 साली त्यांना जर्मनी सोडावी लागली.

हान्स क्रेब्स यांची गत आधीच झाली होती. 1933 साली फ्रायबुर्गच्या नोकरीवरून त्यांना काढले. ते इंग्लंडला आले आणि पुढे शेफील्डमध्ये कबुतराच्या छातीचे स्नायू बारीक करून त्यावर प्रयोग करू लागले. उडणाऱ्या पक्ष्याचे ते स्नायू. प्राणवायू भराभर खर्च करणारे. पायरुव्हिक आम्लाच्या पुढे प्राणवायूच्या साहाय्याने काय होते, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी मॅलोनेट नावाच्या विषाने एक पायरी अडवली. सरळ वाट असती, तर बांधाच्या पलीकडचा पदार्थ घालून अलीकडे काही साचण्याचे कारण नव्हते. पण साचले! पलीकडचे पाणी फिरून अलीकडे येत होते. म्हणजे ही वाट सरळ नाही, ते रहाटगाडगे आहे. लिंबातले सायट्रिक आम्ल त्यातला एक लोटा. माळ फिरते, शक्ती उपसली जाते, आणि रिकामा लोटा पुन्हा भरायला खाली जातो.

1937 साली क्रेब्स यांनी हा शोध ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकाकडे पाठवला. आमच्याकडे पत्रांची गर्दी फार आहे, म्हणून तो परत आला. मग हॉलंडमधल्या एका नियतकालिकात विल्यम जॉन्सन या त्यांच्या विद्यार्थ्याच्या नावासह तो छापला गेला. 1953 साली त्याच कामासाठी क्रेब्स यांना नोबेल मिळाले. शिक्षकबंधूंनी हे चक्र मुलांकडून घोकून घेण्याआधी त्यांना कबुतराची आणि त्या बांधाची गोष्ट जरूर सांगावी. नावे मग आपोआप ध्यानात राहतात.

त्यानंतर वाटा इतक्या सापडत गेल्या की, डोक्यात ठेवणे अशक्य झाले. 1955 साली इंग्लंडमधल्या लीड्स येथे डोनाल्ड निकल्सन यांनी तोवर माहीत असलेल्या वाटांचा एक भिंतीवरचा तक्ता काढला आणि पुढे अनेक दशके ते त्यात भर घालीत राहिले. बाणांना बाण, फाट्यांना फाटे. पाहणाऱ्याला घेरी यावी. पण या गर्दीतही नजर लावली, तर मध्यभागी ते कबुतराच्या स्नायूतले चक्र चटकन ओळखू येते. स्निग्ध पदार्थांची वाट तिथे येऊन मिळते, डाळीतल्या प्रथिनांचीही मिळते, आणि भाकरीची तर मिळतेच.