वापरलेली बॅटरी परत कुठे जाते?

गेली काही व्याख्यानं आपण 'जबाबदारी' या एका शब्दाभोवती फिरतो आहोत. आज तो शब्द एका साध्या वस्तूवर ठेवून बघू. वस्तू म्हणजे बॅटरी. इन्व्हर्टरची, गाडीची, घड्याळातली, मोबाइलमधली. तत्त्वज्ञानवाल्यांनी बॅटरीवर बोलावं हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण वस्तू विकून टाकली की विकणाऱ्याचा तिच्याशी संबंध संपतो का, हा प्रश्न गेल्या तीसपस्तीस वर्षांत ज्या थोड्या वस्तूंवरून खरोखर कायद्याच्या दारात गेला, त्यांत बॅटरी फार वरती आहे.

जुनी समजूत सरळ होती. दुकानदारानं माल दिला, आपण पैसे दिले, व्यवहार संपला. वस्तू मोडली, फेकली, तर ती नगरपालिकेची. कारखानदार या चित्रात कुठेच नाही. १९७९ साली हान्स योनास या जर्मन तत्त्वज्ञानं जबाबदारीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की तंत्रज्ञानामुळे माणसाच्या कृतीचे परिणाम आता फार लांबवर, अजून न जन्मलेल्या माणसांपर्यंत पोचतात, आणि जुनं नीतिशास्त्र मात्र शेजाऱ्यापुरतंच बोलतं. आम्ही वर्गात योनास शिकवत असू तेव्हा विद्यार्थी विचारत, "सर, हे करायचं कसं?" याचं एक उत्तर तत्त्वज्ञांकडून न येता स्वीडनमधून, थॉमस लिंडक्विस्ट नावाच्या अभ्यासकाकडून आलं. १९९० साली तिथल्या पर्यावरण मंत्रालयासाठी लिहिताना त्यानं एक कल्पना मांडली. वस्तू टाकाऊ झाल्यावर तिचं काय करायचं याचा भार उत्पादकावर टाका. मग तो वस्तू बनवतानाच त्याचा विचार करील. आज आपल्या नियमांत 'विस्तारित उत्पादक जबाबदारी' असा जो जड शब्दप्रयोग दिसतो, त्याचं मूळ हे.

आता गंमत पाहा. जी बॅटरी सर्वांत घातक, तिला परत आणायला या कल्पनेची फारशी गरजच नव्हती. शिसे-आम्ल बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये तयार केली. तिच्या आत बहुतेक वजन शिशाचं. शिसं कितीही वेळा वितळवा, ते शिसंच राहतं, आणि त्याला भाव असतो. म्हणून जुनी बॅटरी कोणी उकिरड्यावर टाकत नाही. आपल्याकडे नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करतो, नाहीतर भंगारवाला रोख मोजून नेतो. अमेरिकेतला बॅटरी उद्योग तर अभिमानानं सांगतो, की आमच्याकडच्या ९९ टक्के शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा पुनर्वापर होतो. आकडा उद्योगाचा स्वतःचा आहे, पण बॅटऱ्या परत येतात हे खरं.

घड्याळातला सेल नेमका याच्या उलट. त्याला भंगारात किंमत नाही. तो कचऱ्यात जातो आणि त्याच्याबरोबर आतली रसायनंही जातात. सेलमधलं जस्त आपोआप गंजून वायू धरू नये म्हणून पूर्वी त्यात पारा घालत. पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलमध्ये कॅडमियम असे. कचरा जाळला की हे हवेत, पुरला की जमिनीत. युरोपीय समुदायानं १९९१ मध्ये यावर पहिला निर्देश काढला. अमेरिकेत मिनेसोटा, न्यू जर्सी अशी राज्यं आपापले कायदे करू लागली. तेव्हा उद्योगाला धडकी भरली ती पाऱ्यापेक्षा पन्नास राज्यांच्या पन्नास नियमांची! १९९४ साली चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांच्या उत्पादकांनी मिळून एक ना-नफा संस्था काढली. सेलवर तिचा शिक्का, शिक्क्यापोटी उत्पादकाकडून शुल्क, आणि त्या पैशातून दुकानादुकानांत जमा करायच्या पेट्या. दोन वर्षांनी, मे १९९६ मध्ये, संघीय कायदा आला. त्यानं बहुतेक सेलमधला पारा बंद केला, लेबलं आणि सहज काढता येणारी बॅटरी सक्तीची केली आणि देशभर एक चौकट दिली.

उद्योगानं स्वतः उचललेल्या अशा कामाला आज 'स्टुअर्डशिप' म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्याकडे गांधीजींची विश्वस्ताची कल्पना आठवते, आणि भाषणांतून दोन्ही एकत्र बांधलीही जातात. आम्हाला ती गाठ सैल वाटते. गांधींचा विश्वस्त स्वतःच्या मालकीवर आतून मर्यादा घालतो. १९९४ च्या उद्योगाला राज्यांचे कायदे दिसत होते, म्हणून तो हलला. त्यात वाईट काही नाही, काम झालं. पण कायद्याचा धाक आणि स्वखुशी यांतलं आधी कोण आणि मागून कोण, याचा क्रम इतिहासात तपासून घ्यावा.

आता परत शिशाकडे, कारण खरी गोष्ट तिथे आहे. बॅटरी परत येते, ठीक. पण परत कुठे येते?

शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं. लोखंडासाठी मोठी भट्टी लागते. शिशासाठी एक कढई, थोडा कोळसा आणि फुंकणारा माणूस पुरतो. कुऱ्हाडीनं बॅटरी फोडायची, ॲसिड गटारात ओतायचं, जाळ्या कढईत टाकायच्या. कारखान्यात हेच काम बंद यंत्रात, धूर गाळून, ॲसिड निष्प्रभ करून होतं आणि त्याला खर्च येतो. परसातल्या भट्टीला तो खर्च नाही, म्हणून ती भंगारवाल्याला जास्त भाव देऊ शकते. म्हणजे जो धातूचा भाव बॅटरीला परत आणतो, तोच तिला चुकीच्या भट्टीकडे ओढतो. बॅटरीच्या कायद्यांची सगळी अडचण या एका गाठीत आहे.

अमेरिकेतच पाहा. २००८ साली तिथल्या पर्यावरण संस्थेनं हवेतल्या शिशाची मर्यादा घनमीटरला १.५ मायक्रोग्रॅमवरून ०.१५ वर, म्हणजे दहापट खाली आणली. उत्तम निर्णय. पण शेजारच्या मेक्सिकोत जुनी १.५ चीच मर्यादा होती. उत्तर अमेरिकेतल्या तीन देशांच्या पर्यावरण सहकार्य आयोगानं २०१३ मध्ये अहवाल दिला. २००४ ते २०११ या काळात अमेरिकेतून मेक्सिकोला जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या पाच पटींच्या आसपास वाढल्याचं त्यात दिसलं. टक्केवारी शाबूत, उद्योगाचा अभिमान शाबूत. धूर मात्र सीमेपलीकडे.

आणि जो धूर सीमेच्या आत राहिला त्याचं काय? लॉस एंजेलिसजवळ वर्नन या औद्योगिक वस्तीत १९२२ पासून धातू गाळण्याचा कारखाना होता. शेवटी तो एक्साइड टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीकडे होता. (कोलकात्याची एक्साइड इंडस्ट्रीज ही वेगळी कंपनी, श्रोत्यांनी गल्लत करू नये.) २०१५ मध्ये संघीय वकिलांशी करार करून कंपनीनं गुन्हे कबूल केले, कारखाना कायमचा बंद झाला आणि साफसफाईचं वचन दिलं गेलं. आजूबाजूच्या घरांच्या अंगणातल्या मातीत शिसं होतं. तपासायच्या जागा हजारोंनी होत्या, आणि तिथं राहणारे बहुतेक स्पॅनिश बोलणारे कष्टकरी लोक. २०१६ मध्ये राज्य सरकारनं मातीसाठी १७ कोटी ६६ लाख डॉलर मंजूर केले. त्याच वर्षी कायदा केला, की प्रत्येक शिसे-आम्ल बॅटरीमागे ग्राहकानं एक डॉलर आणि उत्पादकानं एक डॉलर द्यायचा. २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि न्यायालयानं तिला ती जागा सोडून देण्याची परवानगी दिली. 'उत्पादकाची जबाबदारी' म्हणताना उत्पादक उद्या असेल हे आपण गृहीत धरतो. शिसं अंगणात राहतं, कंपनीला मात्र मरण्याची सोय कायद्यातच असते.

याहून भीषण प्रकार सेनेगलमध्ये झाला. डाकारच्या कडेला थियारोय-सुर-मेर ही वस्ती. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढण्याचा धंदा चाले, आणि माती शिशाच्या कणांनी भरली होती. शिशाला भाव आला तेव्हा लोक ती माती चाळून कण काढू लागले, पोती भरून घरात ठेवू लागले. हे काम बायका आणि मुलं करत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ लहान मुलं दगावली. आधी कारण कळेना. रक्त तपासल्यावर शिसं सापडलं. भावंडांच्या रक्तात, आयांच्या रक्तातही. लहान मुलाच्या मेंदूला शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांतल्या एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या, रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅम किंवा अधिक आहे. याच्या मोठ्या कारणांत अहवालानं वापरलेल्या बॅटऱ्यांची निकृष्ट गाळणी धरली आहे.

आपल्या देशात मे २००१ मध्ये बॅटऱ्यांचे नियम आले, ते फक्त शिसे-आम्ल बॅटऱ्यांसाठी. विक्रेत्यानं जुनी परत घ्यावी, ग्राहकाला योग्य सूट द्यावी, आणि उत्पादकानं विकलेल्या बॅटऱ्यांच्या पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ७५ आणि पुढे ९० टक्के परत गोळा कराव्यात. कागदावर फार नेटका हिशोब. पण भाव जास्त देणारी भट्टी त्या कागदावर नव्हतीच. तिचं विवरणपत्र कोण भरणार?

ऑगस्ट २०२२ मध्ये नवे नियम आले. त्यांत सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या आहेत, विजेच्या गाड्यांच्या लिथियम बॅटऱ्याही. पुरणं आणि जाळणं बंद. उत्पादकाला स्वतः गोळा करत बसायला नको. नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडून प्रमाणपत्रं विकत घेतली तरी चालतं. ही प्रमाणपत्रं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर, किती धातू परत मिळाला या हिशोबानं तयार होतात. याचा फायदा असा, की खऱ्या कारखान्याला धातूशिवाय आणखी एक उत्पन्न मिळतं आणि परसातल्या भट्टीशी भावात झुंजायला थोडं बळ येतं. आम्हाला या नियमांतलं हे सर्वांत शहाणं कलम वाटतं. धोका असा, की प्रमाणपत्र म्हणजे कागद, आणि कागद बॅटरीपेक्षा लवकर तयार होतो. प्लॅस्टिकच्या बाबतीत अशीच व्यवस्था आहे; २०२३ मध्ये तिच्यातली लाखो प्रमाणपत्रं खोटी निघाली, आणि पकडलेल्यांत महाराष्ट्रातलेही होते.

युरोपानं २०२३ मध्ये निर्देशाऐवजी थेट विनियम आणला. फेब्रुवारी २०२७ पासून हातातल्या बहुतेक उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता यायला हवी. विजेच्या गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट असेल, तिच्यात काय आहे आणि ती कुठून आली हे सांगणारा. २०३१ पासून नव्या बॅटरीतलं किमान ८५ टक्के शिसं, १६ टक्के कोबाल्ट, ६ टक्के लिथियम आणि ६ टक्के निकेल पुनर्वापराचं असायला हवं. म्हणजे जुन्या बॅटरीला कायद्यानंच मागणी तयार केली. पुढच्या दहा वर्षांत लिथियमचे काळे भुकटीसारखे ढीग एका देशातून दुसऱ्या देशात जातील, जसं शिसं गेलं. आपल्या नियमांतल्या विवरणपत्रात वजनाचा रकाना आहे. भट्टीच्या शेजारी राहणाऱ्या पोराचं रक्त कोणी, किती महिन्यांनी तपासायचं, यासाठी त्यात रकाना नाही. श्रोत्यांत कोणी प्रदूषण मंडळात किंवा आरोग्य खात्यात काम केलेलं असेल, तर प्रश्नोत्तरांत त्यांनी यावर जरूर बोलावं.