महालक्ष्मीपुढचं छोटं गाव



भादव्यात महालक्ष्म्या घरी आल्या की तीन दिवस आपल्याला बसायला सवड नसते. आवाहन, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि सोळा भाज्या, तिसऱ्या दिवशी निरोप. एवढ्या धावपळीतही एक काम आपण मन लावून करतो, ते म्हणजे समोरची आरास. गहू-तांदळाच्या राशी, चिमुकली विहीर, बैलगाडी, जातं, चूल, उखळ, गोठ्यातली गाय. नांदेड-लातूरकडं पाहायला गेलं तर कितीतरी घरांत महालक्ष्मीपुढं अख्खं गाव मांडलेलं असतं. शेजारणी हळदी-कुंकवाला येतात, चार शब्द कौतुकाचे बोलतात, आणि चौथ्या दिवशी सगळं पेटीत जातं.

या मांडणीला आपण सजावट म्हणतो. मला आज सांगायचंय ते असं की ही सजावट तर आहेच, पण ती आपल्या घराची आणि गावाची लिहून ठेवलेली नोंदही आहे. लिहिणाऱ्या आपण बाया आहोत, म्हणून तिला कुणी इतिहास म्हटलं नाही, एवढंच.

मोठी वस्तू लहान करून ठेवायची हौस फार जुनी आहे. आपल्या शेजारचं तेर घ्या. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, ही मोठी व्यापारपेठ होती. तिथं पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती सापडल्या. त्या दोन साच्यांत केलेल्या आहेत, पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, आणि मग दोन्ही जोडून एक. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर अशा वस्तू जमवल्या. तेरच्या संग्रहालयाला त्यांचंच नाव आहे.

आता लांबचं सांगते. हॉलंडमध्ये अ‍ॅमस्टरडॅम शहरात पेट्रोनेला ओर्टमान नावाची एका श्रीमंत व्यापाऱ्याची बायको होती. १६८६ च्या सुमारास तिनं एका कपाटात छोटं घर मांडायला घेतलं आणि पुढं वीसेक वर्षं ती ते सजवत राहिली. त्यात स्वयंपाकघर आहे, बाळंतिणीची खोली आहे, धुतलेले कपडे वाळवायची आणि इस्त्रीची खोली आहे. भांडी खऱ्यासारखी, टोपल्या खऱ्या बुरडाकडून विणून घेतलेल्या. तिनं त्यावर इतका पैसा घातला की तेवढ्यात शहरात खरं घर आलं असतं. लोकांना ती बाईची हौस वाटली असेल. आज ते कपाट तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तीनशे वर्षांपूर्वी घरात कोणती वस्तू कुठं असायची हे समजायला अभ्यासक त्याच्यापुढं उभे राहतात. राजांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ होते. कपडे कुठं वाळत घालत होते हे मात्र त्या कपाटानं सांभाळून ठेवलं.

पुढं विसाव्या शतकात कारखान्यांनी ही हौस डब्यात भरली. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीनं १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती केली, ती ट्रॅक्टर विकणाऱ्यांना गिऱ्हाइकापुढं ठेवता यावी म्हणून. १९५२ साली त्याच कंपनीनं एका जुन्या जहाजाचे प्लॅस्टिकचे सुटे भाग वूलवर्थच्या स्वस्त दुकानांतून विकायला काढले. भाग घरी आणायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि कपाटात मांडायचे. जगभर लाखो लोक हा छंद करतात. विमान असेल तर बहुतेक वेळा खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. म्हणजे खरं बहात्तर फूट असेल तर छोटं एक फूट. पंखही त्याच मापात, चाकही त्याच मापात. खेळणं आणि प्रतिकृती यांत फरक तो हाच. खेळण्यात मन मानेल तसं लहान-मोठं चालतं, प्रतिकृतीत सगळ्याला एकच माप.

आपल्या महाराष्ट्रातही असे वेडे लोक झाले. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय उभं केलं, ते १९९८ मध्ये लोकांसाठी उघडलं. स्टेशन, रूळ, सिग्नल, रस्ते, सगळं शहर तिथं चालतं-फिरतं आहे. आणि दिवाळीत पुण्या-कोल्हापूरकडची पोरं अंगणात दगड-मातीचे किल्ले करतात हे तर टीव्हीवरही दिसतं. वर गोणपाट, त्यावर माती, हळीव पेरून हिरवळ, मग मावळे आणि गादीवर महाराज. आता आपल्याकडंही काही गावांत पोरं किल्ले करायला लागलीत. पण ती रायगड करतात, सिंहगड करतात. जरूर करावेत. मात्र पाण्याचा खंदक असलेला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा कंधारचा किल्ला, सपाट रानात बसलेला औशाचा भुईकोट, रेणुकामातेच्या डोंगराशेजारचा माहूरगड, १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला जिथं हरवलं ते उदगीर, हे किल्ले आपल्या पोरांनी कधी करायचे? जे हातानं केलं ते पोराच्या डोक्यात राहतं. जे केलंच नाही ते पुस्तकाच्या पानावर राहतं, नाहीतर तेही नाही.

हीच गोष्ट घराची. आणि इथं मला किल्लारीवर यावं लागतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. पहाटे चारच्या आधी चार मिनिटं जमीन हलली. औसा, लोहारा, उमरगा भागातली गावं झोपेतच पडली, हजारो माणसं गेली. पुढं ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली. रस्ते सरळ आले, घरं रांगेत आली. पण जुनं गाव कसं होतं? ढेळज कुठं, ओसरी केवढी, पेव कुठं, बळदात ज्वारी कशी ओतायची, माळवदावर कुठून चढायचं, उन्हाळ्यात कोण कुठं झोपायचं, हे सगळं ढिगाऱ्याबरोबर गेलं. भूकंपाच्या आठवडाभर आधीच त्या घरांत महालक्ष्म्या बसल्या होत्या. त्या आराशीत मांडलेली चिमुकली घरं हीच त्या गावांची शेवटची प्रतिकृती होती.

सरकारी कागदांत किती घरं पडली याचा आकडा आहे. घर आतून कसं होतं, ते त्या घरात वावरलेल्या बाईच्या डोक्यात आहे. त्या वेळी पंचविशीत असलेली सून आज साठीकडं आलीय. तिची सासू असेल-नसेल. म्हणून ही घाई.

आता कुणी म्हणेल, ज्या घरानं माणसं मारली त्याची आठवण कशाला? प्रश्न खरा आहे. काही घरांत तो विषयच काढत नाहीत, तिथं आपण काढायचाही नाही. पण ज्यांना बोलावंसं वाटतं त्यांना जागा मिळाली पाहिजे. शिवाय ते घर का पडलं हेही छोट्या घरात उघड दिसतं. आपली जुनी भिंत अडीच-तीन फूट रुंद, बाहेरून किल्ल्यासारखी. पण आत ती एक भिंत नव्हतीच. बाहेरच्या दगडांचा एक थर, आतल्या दगडांचा एक थर, मधे चिखल आणि दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. वर माळवदाची माती, दर पावसाळ्याआधी आणखी एक थर. भूकंपानंतर घर दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या महिला मंडळांच्या बायांनी भाग घेतला, त्या ‘संवाद सहायक’ झाल्या. आरपार दगड का हवा, माळवदावरची माती का कमी करायची, हे त्यांनी घराघरांत समजावलं. तोवर घर बांधायचं ते गवंड्यानं आणि पुरुषांनी, सारवायचं तेवढं बाईनं, असंच चालत आलं होतं. भिंतीच्या आत काय असतं हे आपल्याला विचारायला लावलं ते या कामानं.

मी सहयोगिनी म्हणून गावोगाव बैठकांना जाते. हप्ता, कर्ज, नोंदवही यांतून वेळ काढून पुढच्या वेळी एक काम करून पाहा, असं मी माझ्या गटांना सांगते आहे. तुम्हालाही सांगते.

गटातल्या सर्वांत वयस्कर मावशीला मध्ये बसवा. तिचं सासरचं पहिलं घर कसं होतं ते विचारा. घर किती खणांचं, दार कुठल्या अंगाला, चूल कुठं, देव कुठं. एकीनं कागदावर काढत जावं. माप आठवत नसेल तर तिला हातानं दाखवू द्या, पावलांनी चालून दाखवू द्या, आणि टेपनं मोजा. मग हिशेब सोपा आहे, एक फूट म्हणजे एक इंच. चोवीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद घर दोन फूट बाय दीड फुटाच्या फळीवर बसतं. अडीच फुटांची भिंत अडीच इंच. पाच फुटांचं दार पाच इंच, आणि त्यात उभी राहणारी बाईही पाच इंचांची. बाहेरदेशी बाहुल्यांची घरं बहुतेक याच मापात करतात.

सामान विकत आणायचं नाही. काळी माती तडकते, म्हणून तिच्यात शेण आणि बारीक भुसा मिसळा. खांबांना पऱ्हाट्या, माळवदाला ज्वारीची चिपाडं, वर मातीचा थर. एक भिंत अर्धी उघडी ठेवा, आतली भर दिसली पाहिजे. शेजारी दुसरी छोटी भिंत करा, तिच्यात आरपार दगड घाला. फळी जरा हलवली तरी पोरींना फरक दिसेल.

खाली एक चिठ्ठी लावा. कुणाचं घर, कोणतं गाव, कोणत्या सालापर्यंत उभं होतं, आणि कुणी कुणी मिळून केलं. बायांची नावं पूर्ण लिहा. आजवर आपण केलेल्या आराशीखाली कुणाचंच नाव नव्हतं.

यंदा महालक्ष्मीपुढं ते मांडा. नंतर पेटीत टाकू नका, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा. हळदी-कुंकवाला येणारी एखादी थोरली बाई त्या घराकडं बघून म्हणेल, ‘अगं, जातं इथं नव्हतं, तिथं होतं.’ तेव्हा वाद घालू नका. जातं उचला आणि ती सांगते तिथं ठेवा.