शिकवण्याची सनद आणि भाकरीचा प्रश्न

होटगी जंक्शनवर लोहमार्गाला फाटा फुटतो. एक वाट गुलबर्ग्याकडे जाते, दुसरी विजापूरकडे. एक बहामनींची राजधानी, दुसरी आदिलशाहीची. दोन्हीकडच्या मशिदी, दर्गे आणि दरवाजांवर फारसी-अरबी शिलालेख कोरलेले आहेत. आम्ही या मुलखातली माणसे ते पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. पण पाहतो ते नक्षी म्हणून. वाचणारे आमच्यात थोडेच.

असे लेख शास्त्रशुद्ध वाचून प्रसिद्ध करण्याचे काम इंग्रज सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यांच्याकडे सोपवले, त्यांत एक होते जोसेफ होरोविट्झ. ते जर्मन यहुदी. बर्लिन विद्यापीठात १९०२ पासून ते शिकवत होते. १९०७ मध्ये अलीगढच्या मोहामेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात ते अरबीचे अध्यापक झाले आणि १९१४ पर्यंत तेथे राहिले. मौलाना हमीदुद्दीन फराही त्यांच्याकडे हिब्रू शिकले. 'एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका' या शिलालेखांच्या मालेचे काही अंक होरोविट्झ यांनी संपादित केले. पुढे ते काम हैदराबादच्या गुलाम याजदानींनी नेटाने चालवले. विजापूरचे शिलालेख डॉ. मुहम्मद नाझीम यांनी १९३६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

परक्या देशातला, परक्या धर्माचा एक विद्वान आमचे दगड वाचतो, ही तयारी कोठून आली? याचे उत्तर शोधताना जर्मन विद्यापीठांतली एक जुनी रीत समोर येते. तिचे नाव हॅबिलिटेशन.

आपल्याकडे पीएच.डी. म्हणजे शिक्षणाचे शेवटचे टोक. नावापुढे 'डॉक्टर' लागले की सत्कार होतो, हार पडतात आणि पुष्कळदा अभ्यासही तेथेच थांबतो. जर्मनीत हिशेब वेगळा. डॉक्टरेटने एवढेच सिद्ध होते की हा माणूस संशोधन करू शकतो. विद्यापीठात स्वतःच्या अधिकाराने शिकवायचे तर त्यानंतर आणखी काही वर्षे घालून दुसरा मोठा प्रबंध लिहावा लागतो आणि तो पहिल्यापेक्षा वेगळ्या विषयावर असावा अशी अपेक्षा असते. जाणकार त्यावर अभिप्राय देतात. मग विद्याशाखेतल्या प्राध्यापकांसमोर व्याख्यान द्यायचे. अनेक ठिकाणी उमेदवाराने तीन विषय सुचवायचे आणि त्यांतला एक प्राध्यापकांनी निवडायचा, असा प्रघात आहे. व्याख्यानानंतर सवालजवाब होतात. त्यातून पार पडला की त्याला शिकवण्याचा अधिकार मिळतो. अशा माणसाला 'प्रिवाटडोत्सेंट' म्हणतात. १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाने ही रीत आपल्या नियमांत पक्की केली आणि ती जर्मनभाषी मुलखात रुजली.

आपल्या परंपरेला ही कल्पना अनोळखी नाही. मदरशांत उस्ताद शागिर्दाला इजाजत देत असे: हा ग्रंथ तू माझ्यापाशी वाचलास, आता तो दुसऱ्यांना शिकवायला तू लायक आहेस. त्या इजाजतीमागे उस्तादाच्या उस्तादापर्यंत पोचणारी साखळी असे. जॉर्ज मक्दिसी या संशोधकाने युरोपातल्या डॉक्टरेटचे मूळ या इजाजतीत असल्याचे मांडले. ते सर्वांना मान्य नाही आणि त्यावरून छाती फुगवण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. फरक मात्र ध्यानात घ्यावा. इजाजत एक माणूस देत असे, हॅबिलिटेशन विद्याशाखा देते. पहिल्यात जिव्हाळा आहे, दुसऱ्यात परीक्षा.

आता नाण्याची दुसरी बाजू. ही सनद शिकवण्याचा हक्क देते, पगार देत नाही. एकोणिसाव्या शतकातला प्रिवाटडोत्सेंट विद्यार्थ्यांनी भरलेल्या व्याख्यानाच्या फीवर जगे. श्रोते दहा तर फी दहांची. प्राध्यापकपद रिकामे होऊन बोलावणे येईपर्यंत वाट पाहायची. मार्टिन हाउग हे असेच एक. जन्म १८२७, व्युर्टेंबर्गमधल्या ओस्टडोर्फ या खेड्यातला. शाळेत उशिरा गेले, पण संस्कृत आणि पारशांच्या धर्मग्रंथांच्या भाषेत तज्ज्ञ झाले. १८५४ मध्ये ते बॉनला प्रिवाटडोत्सेंट झाले. दोन वर्षांनी बॉन सोडून हायडेलबर्गला बुन्सेन यांच्या लेखनकामात मदतनीस म्हणून गेले. प्राध्यापकपद मिळाले ते १८५९ मध्ये, आणि तेही आपल्या पुण्यात. तेथल्या सरकारी कॉलेजात ते संस्कृत शिकवू लागले. पारशांच्या धर्मावरचे त्यांचे निबंध १८६२ मध्ये मुंबईत छापले गेले. १८६६ मध्ये ते परतले आणि १८६८ मध्ये म्युनिकने त्यांना प्राध्यापक केले. सनद बॉनची, आणि प्राध्यापक म्हणून पहिली भाकरी पुण्याची.

समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १८९२ मध्ये बर्लिनला हीच परीक्षा दिली होती. १९१७ मध्ये म्युनिकच्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्यांनी या वाटेचे वर्णन जुगार असेच केले. ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच वाट पाहणे परवडते, हे त्यांनी लपवले नाही. म्हणजे गुणवत्तेची चाळणी म्हणून जी रीत उभी राहिली, ती व्यवहारात खिशाचीही चाळणी झाली.

चाळणीला आणखीही भोके होती. गणितज्ञ एमी न्योटर यांनी १९१५ मध्ये ग्योटिंगेनला अर्ज केला. स्त्रियांना ही सनद देऊ नये असा प्रशियाचा दंडक होता. काही वर्षे त्यांनी हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर झालेली व्याख्याने दिली. सनद मिळाली १९१९ मध्ये, राजेशाही गेल्यावर. पण १९३३ मध्ये नाझी सरकारने यहुदी म्हणून त्यांचा शिकवण्याचा हक्क काढून घेतला. होरोविट्झ फ्रांकफुर्टला प्राध्यापक होते. ते १९३१ मध्येच वारले, म्हणून त्यांना हा दिवस पाहावा लागला नाही. अल्पसंख्य समाजाने हा इतिहास नीट वाचावा. विद्वत्तेची कितीही कडक परीक्षा दिली तरी राज्याची नियत फिरली की सनदेचा कागद होतो.

आमच्या वाचकांना आनमेरी शिमेल हे नाव ठाऊक असेल. मौलाना रूमी आणि इक्बाल यांच्यावर त्यांनी केवढे काम केले! १९४१ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बर्लिनची डॉक्टरेट. १९४६ च्या जानेवारीत, चोविशी गाठण्याआधीच मारबुर्गला हॅबिलिटेशन. एवढे असून पूर्ण प्राध्यापकपद त्यांना मायदेशी लाभले नाही. १९५४ मध्ये अंकाराने त्यांना बोलावले. तेथे त्यांनी तुर्कीतून शिकवले. १९६७ पासून १९९२ पर्यंत त्या हार्वर्डला होत्या.

जर्मनीत हा वाद अजून मिटलेला नाही. २००२ मध्ये हॅबिलिटेशनला पर्याय म्हणून कनिष्ठ प्राध्यापकपद आणले गेले. त्याच्या कायद्याला २००४ मध्ये घटनापीठाने धक्का दिला. आता दोन्ही वाटा चालू आहेत. २००७ च्या कायद्याने मुदतीच्या नेमणुकांना डॉक्टरेटपूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षे अशी साधारण मर्यादा घातली. त्यातून होणाऱ्या ओढाताणीविरुद्ध २०२१ मध्ये हजारो तरुण संशोधकांनी जाहीर आवाज उठवला. सनद टिकवण्यासाठी वर्षानुवर्षे बिनपगारी तास घेणारे प्रिवाटडोत्सेंट तेथे आजही आहेत.

हे वाचताना आपल्या मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे येतात. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि होटगीसारख्या गावातल्या मुलामुलींना एम.ए., पीएच.डी.ची वाट जवळ आली. नेट-सेट झालेले, डॉक्टर झालेले तरुण तासिका तत्त्वावर सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या कॉलेजात शिकवतात. जर्मनांचा हा भाग आपण त्यांना न विचारताच उचलला. नाही उचलला तो दुसऱ्या ग्रंथाचा. तो कसा उचलणार? जो तासावर जगतो त्याच्यापाशी ग्रंथ लिहायला तास उरत नाही.

आमच्या जुन्या लोकांना ही गोष्ट कळत होती. बीदरला १४७२ मध्ये महमूद गवानाने मदरसा बांधला, तेव्हा विद्यार्थ्यांबरोबर उस्तादांच्या राहण्याचीही सोय त्याच इमारतीत केली. अलीकडचे उदाहरण डॉ. झाकिर हुसेन यांचे. बर्लिनची डॉक्टरेट घेऊन ते १९२६ मध्ये जामिया मिल्लियात आले. जामियाची तिजोरी रिकामी होती. १९२८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दीडशे रुपयांहून अधिक वेतन न घेता वीस वर्षे सेवा करू, असे वचन दिले. त्या त्यागाला आमचा सलाम. पण त्याग स्वतःहून करायचा असतो, दुसऱ्यावर लादायचा नसतो.

आपल्या शिक्षणसंस्था इमारती बांधतात, संगणक घेतात, स्नेहसंमेलने भरवतात. त्या खर्चातून एका तरुण अध्यापकाला, मुलगी असेल तर आधी तिला, दोन वर्षांचे घरखर्चाचे पैसे द्यावेत. अट एकच: दुसरा ग्रंथ लिहायचा आणि तो चार जाणत्यांपुढे सवालजवाब करून पटवायचा. विषय दूर शोधायला नको. सोलापूरच्या किल्ल्यापासून गुलबर्गा-विजापूरपर्यंत शिलालेख, सनदा, दर्ग्यांचे दफ्तर पडून आहे. फारसी, मराठी, कन्नड आणि दखनी येणारा अभ्यासक याच मुलखात निपजू शकतो. इल्म हासिल करणे फर्ज आहे, असे आपण तकरीरीत ऐकतो. इल्म देणाऱ्याच्या घरची चूल पेटती ठेवणे कोणाचे फर्ज, हेही एकदा ठरवू या.