ब्रेक का ओरडतात? एका कर्कश आवाजाचा इतिहास

सिग्नलला गाडी थांबते आणि ब्रेक असा काही किंचाळतो, की बाजूचा रिक्षावाला वळून बघतो. ‘ब्रेक वाजतोय’ म्हणतो ना आपण, तोच आवाज. आजच्या भागात त्याचीच गोष्ट. हा आवाज जवळजवळ गाडीइतकाच जुना आहे. आणि तो गप्प करण्याची किंमत काही माणसांनी आपल्या फुफ्फुसांनी मोजलीय.

सुरुवात जर्मनीतून करू. ऑगस्ट 1888. बर्था बेन्झ नवऱ्याची गाडी आणि दोन मुलं घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, साधारण शंभर किलोमीटर. उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले. वाटेत बाउश्लॉट गावात तिनं चांभाराला सांगितलं, ‘यांच्यावर चामडं ठोकून दे.’ गाडीच्या इतिहासातलं पहिलं ब्रेक लायनर म्हणतात ते हेच!

आता इंग्लंड. 1902 मध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकासोबत फिरणारी धातूची चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड. कल्पना आजचीच, पण पॅडला तांब्याचं अस्तर होतं. धातूवर धातू घासला की काय होणार? कानठळ्या बसवणारी किंकाळी. शिवाय तांबं झिजायचंही भराभर.

यावर उपाय काढला हर्बर्ट फ्रूड यांनी. हे गृहस्थ 1897 पासून डर्बीशरमध्ये ब्रेकच्या अस्तरांचेच प्रयोग करत होते. त्यांच्या कंपनीचं नाव फेरोडो, म्हणजे ‘फ्रूड’ या आडनावाचीच अक्षरं उलटसुलट करून, त्यात एक जास्तीचं अक्षर घालून केलेलं नाव. आधी कापसाची अस्तरं होती, पण ती तापली की जळायची. मग 1908 च्या सुमारास त्यांनी अ‍ॅस्बेस्टॉस वापरलं. ते जळत नाही, ताप सोसतं, आणि धातूपेक्षा कितीतरी शांत. झालं! पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या अ‍ॅस्बेस्टॉसवर थांबत राहिल्या.

पण या शांततेला दुसरी बाजू होती. रॉचडेल गावात टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली केरशॉ 1924 मध्ये वारली. वय फक्त 33. तिच्या फुफ्फुसात अ‍ॅस्बेस्टॉसचे कण सापडले. कंपनीनं नुकसानभरपाई दिली नाही. पुढे फेरोडोही त्याच उद्योगसमूहात गेली. 1931 मध्ये ब्रिटनमध्ये कारखान्यांतल्या धुळीसाठी नियम आले, पण पूर्ण बंदी यायला 1999 साल उजाडलं. विचार करा, मधे 75 वर्षं गेली!

आता मुळात हा आवाज येतो कुठून? ओल्या बोटानं काचेच्या ग्लासाची कड घासून बघा. बोट क्षणभर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, आणि ग्लास गाऊ लागतो. पॅड आणि डिस्कचं तसंच. पॅड थरथरतो, आणि डिस्क ताटासारखी वाजू लागते. सेकंदाला हजारो वेळा थरथर झाली की आपल्याला ती चिरका आवाज म्हणून ऐकू येते. 1938 मध्ये मिल्स यांनी यावर अभ्यास केला तेव्हा भर या चिकटण्या-सुटण्यावर होता. 1961 च्या सुमारास स्पर यांनी वेगळा मुद्दा मांडला: घर्षण तेच राहिलं, तरी पॅड ज्या कोनात टेकतो त्यामुळेही तो अडकत-निसटत थरथरू शकतो. म्हणूनच दोन सारख्या गाड्यांपैकी एकच वाजते, दुसरी नाही.

म्हणून आजचे इंजिनियर आवाजापेक्षा थरथरीच्या मागे लागतात. पॅडच्या पाठीला रबर आणि पत्र्याची पातळ शिम लावतात, पॅडच्या कडा तिरक्या कापतात, मधे खाच पाडतात.

मग आपण काय करायचं? आधी ऐकायचं. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला आवाज आला, तर तो डिस्कवरचा गंज. आपोआप जातो. रोजच वाजत असेल तर गॅरेजमध्ये पॅड काढून साफ करून घ्या, शिम जागेवर आहे का बघा, आणि पॅडच्या पाठीला व पिनांना ब्रेकचं खास ग्रीस लावून घ्या. घासणाऱ्या बाजूला ग्रीस किंवा तेल चुकूनही नको, नाहीतर आवाज जाईल आणि ब्रेकही जाईल! बऱ्याच गाड्यांच्या पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून मुद्दाम ओरडते. तो आवाज दाबायचा नाही, पॅड बदलायचा. आणि खरखर ऐकू आली तर गाडी पुढे नेऊच नका, धातूवर धातू घासतोय.

शेवटची गोष्ट नेलीच्या आठवणीत. ब्रेकची धूळ हवेच्या प्रेशरनं उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये काय आहे हे नुसतं बघून कळत नाही. ओल्या फडक्यानं पुसा म्हणावं. फडकं मारायला वेळ जास्त लागतो, पण ती धूळ दिवसभर श्वासात घेणारा गॅरेजमधला पोरगा तुमच्याच वयाचा असतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी सावकाश चालवा!